कन्सोलपुढचा माणूस: विदर्भातल्या सीटी तंत्रज्ञाच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

डॉक्टर आणि परिचारिका सोडून दवाखान्यात जे बाकीचे व्यावसायिक राबतात, त्यांच्यासाठी संसदेने २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. रेडिओलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ त्याच्या यादीत आहेत. तेव्हापासून पुसद, वणी, अचलपूर, गोंदियाकडची सीटी स्कॅनच्या मशीनवर काम करणारी दोन माणसं भेटली की बोलणं कागदावर येतंच. तुझा डिप्लोमा कुठला, नोंदणी झाली का, अनुभव धरतात का? हा प्रश्न कायद्याने उभा केला असं वाटतं खरं, पण तो कितीतरी जुना आहे. तो डार्करूमपासून चालत आलेला आहे.

माझी सुरुवात तिथलीच. तालुक्याच्या गावी एक्स-रेची खोली, तिच्या मागे खिडक्यांना काळा कागद लावलेली डार्करूम, लाल दिवा, डेव्हलपर आणि फिक्सर या रसायनांच्या टाक्या. फिल्म हँगरला लावायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, घड्याळाकडे बघत उभं राहायचं, मग धुऊन वाळत घालायची. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा गेला की डेव्हलपर तापायचा आणि फिल्म काळी पडायची. म्हणून टाकीभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या, हे ज्या काकांच्या हाताखाली होतो त्यांनी दाखवलं. आमच्याकडची एक अख्खी पिढी अशीच तयार झाली: आधी फिल्म धुणारा पोरगा, मग पेशंट धरणारा, मग बटण दाबणारा. हात तयार व्हायचा, पण किलोव्होल्ट, म्हणजे किरणांचा जोर, वाढवलं की आत नेमकं काय होतं, हे सांगणारं कोणी नव्हतं. रडणारं लेकरू धरून उभं राहताना किरण अडवणारा शिशाचा एप्रन खुंटीलाच असायचा. आज ते आठवलं की जीव हळहळतो, कारण टाळता येण्यासारखं होतं.

सीटीचा जन्म झाला तो इंग्लंडमध्ये, आणि ज्याच्या हातून झाला तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड शेतकऱ्याचा मुलगा. शेतावरच्या मळणीयंत्रांचं त्याला लहानपणापासून वेड. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. महायुद्धात हवाई दलात तो रडार शिकला, नंतर अभियांत्रिकीचा डिप्लोमा केला आणि ईएमआय कंपनीत लागला. शरीराभोवती फिरत वेगवेगळ्या कोनांतून किरण सोडायचे, किती पार गेले ते मोजायचं आणि त्या मोजमापांवरून आतला छेद गणिताने उभा करायचा, ही त्याची कल्पना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका बाईच्या मेंदूचा पहिला स्कॅन झाला. चित्र फक्त ८० गुणिले ८० चौकटींचं होतं, तरी गाठ दिसली. १९७९ साली हाउन्सफील्डला ॲलन कॉर्मॅकसोबत नोबेल मिळालं. कॉर्मॅकने या गणिताचा पाया आधीच स्वतंत्रपणे घातला होता. पाणी शून्य, हवा उणे १०००, ही घनता सांगणारी हाउन्सफील्डच्या नावाची मोजपट्टी आपण आजही रोज वापरतो. आमच्याकडच्या मुलांना मी हा माणूस मुद्दाम सांगतो. थ्रेशरपाशी वाढलेल्या पोरांना तो लगेच आपला वाटतो.

सुरुवातीची मशीन फक्त डोक्याची होती आणि एकेका छेदाला काही मिनिटं लागत. १९८९च्या सुमारास पेशंट सरकत असताना न थांबता फिरणारं स्पायरल सीटी आलं, १९९८मध्ये एका फेरीत चार छेद घेणारी मशीन आली आणि पुढच्या सहा-सात वर्षांत ६४ स्लाइसपर्यंत, म्हणजे छेदांपर्यंत, मजल गेली. त्यासरशी कन्सोलपुढच्या, म्हणजे मशीन चालवायच्या पडद्यापुढच्या, माणसाचं काम पार बदललं. प्रोटोकॉल (कुठल्या स्कॅनला कुठली सेटिंग) निवडणं, काँट्रास्टची (अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून द्यायच्या औषधाची) वेळ साधणं, मूत्रपिंडांचं काम कळायला क्रिएटिनिन बघणं, किरणांचा डोस ओळखणं हे सगळं त्याच्या अंगावर आलं. अमेरिकेत रेडिओग्राफरांची नोंदणी करणारी संस्था १९२२पासून आहे. तिने सीटीची स्वतंत्र परीक्षा १९९५ साली सुरू केली. आधी मूळ नोंदणी, मग ठरलेले स्कॅन स्वतः केल्याच्या नोंदी, मग परीक्षा. ‘सर्टिफाइड सीटी टेक्नॉलॉजिस्ट’ हा शब्द आपल्या पोरांच्या कानावर येतो तो तिथून. आपल्याकडे सीटी हा रेडिओग्राफीच्या अभ्यासक्रमातलाच एक भाग राहिला.

एवढ्या कडक व्यवस्थेतही चूक होते. २००९ साली लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या रुग्णालयात उघडकीला आलं की मेंदूतला रक्तप्रवाह बघणाऱ्या पर्फ्युजन स्कॅनमध्ये दोनशेवर रुग्णांना ठरल्यापेक्षा सुमारे आठपट डोस गेला होता. मशीनची सेटिंग बदलली होती आणि दीड वर्ष कोणाच्या लक्षात आलं नाही. काहींचे केस गळाले तेव्हा कुठे कळलं. स्क्रीनवर डोसचा आकडा दरवेळी दिसत होता. तो वाचून ‘हे जास्त आहे’ म्हणणारा माणूस तयार करणं, माझ्या मते शिक्षणाचं पहिलं काम तेच आहे.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक परिषद १९८३ साली स्थापन झाली. सीटी चालवायला तिचा परवाना लागतो, किरणसुरक्षा अधिकारी लागतो, पात्र तंत्रज्ञ लागतो. काम करणाऱ्याच्या छातीवर, त्याला किती किरण लागले ते मोजणारा टीएलडी बॅज हवा. सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३०, यापलीकडे त्याचा डोस जाता कामा नये. पण बॅज ड्रॉवरमध्ये आणि माणूस मशीनच्या गोल गँट्रीपाशी, असंही मी पाहिलंय. ते बघून राग येतो तो त्या पोरावर नव्हे, त्याला बॅज कशाला हे न सांगता कामाला लावणाऱ्यांवर.

शिक्षणाची सोय विदर्भात हळूहळू होत गेली. नागपूरचं मेडिकल १९४७चं, सेवाग्रामचं १९६९चं, यवतमाळचं १९८९चं, अकोल्याचं २००२चं. चंद्रपूर आणि गोंदियाची कॉलेजं तर गेल्या दहा-बारा वर्षांतली. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली झालं आणि त्याच्या बीपीएमटी या पॅरामेडिकल तंत्रज्ञानाच्या पदवीमुळे बारावी सायन्सच्या पोरापोरींना तीन वर्षांचा अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी सरळ वाट मिळाली. मुलींचं या कामात येणं मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

तरीही गरज किती मोठी आहे ते गडचिरोलीकडे बघून कळतं. ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि २०१५ साली निष्कर्ष मांडला: ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात, साधारण सातातला एक मृत्यू. पक्षाघात गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे सीटीशिवाय सांगता येत नाही आणि गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. सिरोंचाहून जिल्ह्याचं ठिकाण सुमारे २०० किलोमीटर. रस्त्यातच वेळ निघून जातो. जी थोडी माणसं वेळेत पोचतात, त्यांच्यासाठी कन्सोलपुढे त्या रात्री कोण आहे यावर सगळं येऊन ठेपतं. त्याच २०१५ साली राष्ट्रीय आरोग्य अभियानाची मोफत निदान योजना आली. जिल्हा रुग्णालयांतलं सीटी आणि टेलिरेडिओलॉजी त्यात धरलं होतं. रिपोर्ट दूरच्या शहरातून येऊ लागला. म्हणजे रात्री दोन वाजता त्या खोलीत रेडिओलॉजिस्ट नसतो, असतो तो तंत्रज्ञ. रक्तस्रावाचा पांढरा डाग दिसल्याबरोबर कॅज्युअल्टीत फोन करायचा, हे त्यालाच सुचावं लागतं.

त्याचं काम जवळून बघा. साठीची बाई टेबलावर आहे, पोटाचा काँट्रास्ट स्कॅन. कमरेला चांदीचा करदोडा, तो राहिला तर चित्रभर रेघा उमटतील. पण नवऱ्याने घातलेला, काढायला ती तयार नाही. तंत्रज्ञ तिच्या सुनेला आत बोलावतो, तिच्या हातात तो ठेवायला लावतो. हाताला सुई, इंजेक्टर जोडलेला. मशीनमधला ध्वनिमुद्रित आवाज हिंदीत श्वास रोखायला सांगणार, म्हणून तो बंद करून हा स्वतः माइकवर बोलतो: “माय, आता आंग गरम लागन, लघवी झाल्यासारखं वाटन. होत काही नाही, हालू नोको. दम धर… धरून ठेव… सोड.” ही दोन वाक्यं आधी सांगितली नाहीत तर बाई दचकून हलते, स्कॅन वाया जातो, पुन्हा किरण आणि पुन्हा औषध. अभ्यासक्रमात याला ‘रुग्णसंवाद’ म्हणतात. आमच्याकडे तो वऱ्हाडीत, गोंडीत, कोरकूत करावा लागतो.

कोविडमध्ये हे काम एकदम सगळ्यांच्या नजरेत आलं. फुप्फुसांचा स्कोअर २५ पैकी किती, हे पारावर बसलेली माणसंही विचारू लागली. राज्य सरकारने सप्टेंबर २०२०मध्ये एचआरसीटीचे, म्हणजे छातीच्या बारीक छेदांच्या सीटीचे, दर मशीनच्या स्लाइसनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपयांवर बांधले. फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावतीत लाट उसळली आणि सेंटरं रात्रभर चालू राहिली. पीपीई किटमध्ये घामाने निथळत उभे होते त्यांत पदवीवाले होते, तसे डार्करूममधून आलेलेही होते. पेशंटने तेव्हा कोणाचाही कागद विचारला नाही.

नवा कायदा तासांची भाषा बोलतो: सहयोगी व्यावसायिकाला अभ्यासाचे किमान २,००० तास, आरोग्यसेवा व्यावसायिकाला ३,६००. मला हे मनापासून योग्य वाटतं. भौतिकशास्त्र आणि डोस न शिकता कोणी कन्सोलपुढे बसू नये. पण पंधरा-वीस वर्षं तिथे बसलेल्याला घरी पाठवून हे होणार नाही. त्याला सुट्टी मिळत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा कोणी नसतो. यवतमाळ, चंद्रपूर, सेवाग्रामच्या कॉलेजांनी रविवारचे वर्ग घ्यावेत, राहिलेले विषय तिथे शिकवावेत, आणि तो आठवडाभर जिथे ड्यूटी करतो तिथले तास, स्कॅनच्या रजिस्टरवर रेडिओलॉजिस्टच्या सहीने, मोजावेत. रजिस्टर प्रत्येक सेंटरात आहे. त्यात रोजची तारीख, पेशंटचं वय, कुठला स्कॅन हे लिहिलेलं असतं. डोसचा एक रकाना तेवढा आखायचा राहिलाय.