मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र: फील्डला जाण्याआधी दोन्ही का हवीत

नाशिक रोड कॅम्पातल्या आर्टिलरी सेंटरमध्ये तोफखान्याचे रिक्रूट तयार होतात. तोफखान्यातल्या जवानांच्या नोकरीची कागदपत्रं सांभाळणारं आर्टिलरी रेकॉर्ड्सही याच कॅम्पात आहे. फौजी कागदांशी इतकी सोयरीक असलेल्या आपल्या भागात, आणि सिन्नर, निफाड, चांदवडकडच्या ज्या घरांतून पोरं भरती होतात तिथे, एक गैरसमज मात्र घट्ट बसलाय. फील्डला, म्हणजे सीमेवरच्या पोस्टिंगला, निघालेला जवान घरी सांगतो, "पॉवर ऑफ ॲटर्नी करून दिलीय. उद्या मला काही झालं तरी सगळं हिच्या हातात राहील." यातलं दुसरं वाक्य साफ चुकीचं आहे. आणि ते चुकीचं होतं हे घरच्यांना कळतं, तेव्हा दुरुस्त करायला तो माणूस उरलेला नसतो.

पॉवर ऑफ ॲटर्नी म्हणजे मुखत्यारपत्र. जवान हयात आहे पण इथे हजर नाही, त्या काळात त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्याने दुसऱ्याला दिलेला असतो. मृत्युपत्र लागू होतं ते तो गेल्यानंतर, त्याआधी एक क्षणही नाही. आणि मुखत्यारपत्र नेमकं त्याच क्षणी संपतं. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम २०१ हेच सांगतं: अधिकार देणारा मरण पावला की दिलेला अधिकार संपला. म्हणजे एक कागद दुसऱ्याचं काम एका दिवसापुरतंही करू शकत नाही.

उदाहरण घेऊ. निफाड तालुक्यातला एक हवालदार लडाखला निघालाय. द्राक्षबाग वडिलांच्या नावे आहे, दोन एकर त्याने स्वतःच्या पगारातून घेतलेत, आणि जेल रोडला फ्लॅट बुक केलाय. घरात आई-वडील, बायको, दोन लहान मुलं, धाकटा भाऊ. पुढच्या दोन वर्षांत काय काय येईल? फ्लॅटचा करारनामा नोंदवायचा, गृहकर्जाचा हप्ता सुटताना बँकेत सह्या, गावच्या सोसायटीत पीककर्जाचं नवंजुनं (जुनं फेडून नवं उचलणं), मोजणीचा अर्ज, बांधावरून शेजाऱ्याची कटकट. प्रत्येक ठिकाणी सही त्याची लागणार. ओटीपी त्याच्या मोबाइलवर जाणार, आणि मोबाइलला रेंज नाही.

हे सगळं मुखत्यारपत्राने सुटतं, पण ते नीट केलं तर. नोटरीकडे शिक्का मारून आणलेला कागद बऱ्याच किरकोळ कामांना चालतो. मात्र जवानाने सही करून ठेवलेला दस्त त्याच्या वतीने दुसऱ्याने दुय्यम निबंधकापुढे हजर करायचा असेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकासमोरच सही करून प्रमाणित झालेलं लागतं. त्यासाठी जवानाला तिथे स्वतः जावं लागतं, फोटो काढावा लागतो, अंगठा द्यावा लागतो. म्हणून हे काम रजेच्या पहिल्या आठवड्यात करायचं. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर बंद पडला की माणूस ट्रंक उचलून गाडीत बसतो आणि कागद तसाच राहतो. जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय दिलेल्या मुखत्यारपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, तेव्हा खर्चाची सबब नाही.

मुखत्यारपत्र कोणाला द्यायचं, हा या सगळ्यातला सर्वांत अवघड प्रश्न, आणि घरात त्याच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. आपल्याकडे सरसकट वडिलांना किंवा थोरल्या भावाला देतात. सुनेच्या हाती कागद गेला तर घर फुटेल, ही भीती कोणी बोलून दाखवत नाही, पण असते. मला हा हिशेबच मान्य नाही. जो माणूस जे काम खरोखर करतो, त्याला त्या कामापुरता अधिकार द्यावा. शेताची कामं नाना, म्हणजे हवालदाराचे वडील, बघतात ना, मग सोसायटी आणि मोजणीचं त्यांच्याकडे. फ्लॅट, बँक, मुलांची शाळा हे वहिनी बघतात, मग ते त्यांच्याकडे. दोन वेगळी मुखत्यारपत्रं करायला कायद्याची आडकाठी नाही. आणि दोन्ही सगळ्यांसमोर वाचून दाखवावीत, म्हणजे पुढे कुजबुज राहत नाही.

'सर्व अधिकार' असं लिहिलेलं तयार छापील मुखत्यारपत्र मात्र टाळावं. त्यात विक्रीचा अधिकारही बसतो, आणि तो वापरून कोणी जमीन विकली तर तो व्यवहार जवानाने स्वतः केल्यासारखाच धरला जातो. विकायचं काही ठरलेलं नसेल तर विक्री, गहाण आणि बक्षीसपत्र हे अधिकार दिलेले नाहीत, असं स्पष्ट लिहावं. उलट बाजूने, मुखत्यारपत्र मिळालं म्हणून घेणारा मालक होत नाही. निव्वळ मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ठामपणे सांगितलंय.

बांधाचा वाद कोर्टात गेला तर जवानांसाठी वेगळी सोय आहे, आणि ती फार कमी घरांना ठाऊक असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २८ नुसार, रजा मिळत नसलेला सैनिक आपल्या वतीने दावा चालवायला कोणालाही लेखी अधिकार देऊ शकतो. त्यावर सही कमांडिंग ऑफिसरसमोर होते, त्यामुळे त्यासाठी नाशिकला यावं लागत नाही. शिवाय विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून दाव्याचं कामकाज थांबवायला लावणारा १९२५ चा स्वतंत्र कायदाही आहे. "तो काय, बर्फात बसलाय, एकतर्फी निकाल घेऊन टाकू" असं कोणी भाऊबंद म्हणत असेल, तर आपल्या वकिलाला या दोन तरतुदींची आठवण करून द्यावी.

आता एक मधली अवस्था, जिच्याबद्दल बोलायला सगळेच कचरतात. जवान जिवंत आहे, पण डोक्याला मार लागून शुद्धीवर नाही. आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र अशा वेळीही टिकत नाही, कारण देणाऱ्याची समज गेली की अधिकारही जातो. मृत्युपत्र तर लागूच झालेलं नसतं. अशा वेळी बायकोला उच्च न्यायालयात जाऊन स्वतःला पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. यावर घरच्या घरी करता येण्यासारखा एकच उपाय आहे: घरखर्चाचं बचत खातं दोघांच्या नावे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं ठेवणं. त्यात तिला पैसे काढायला मुखत्यारपत्र लागत नाही, कारण खातं तिचंही असतं. नवऱ्याचं एटीएम कार्ड आणि पिन बायकोकडे ठेवण्याची जी सर्रास पद्धत आहे, त्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

मृत्युपत्राकडे वळू. करायला ते मुखत्यारपत्राहून सोपं आहे. साधा कागद चालतो, मराठी चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. अठरा वर्षं पूर्ण आणि बुद्धी शाबूत असली की झालं. जवानाची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढं पुरतं. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, उगाच शंकेला जागा राहते. युनिटमधले दोन सोबती साक्षीदार घेतले तर कायद्याने चालतं, पण दहा वर्षांनी ते कुठल्या गावी असतील सांगता येत नाही. निदान एक साक्षीदार आपल्या गावचा, तरुण आणि सहज सापडणारा असावा. कागद घरात ठेवायला मन घेत नसेल, तर तो बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय नोंदणी कायद्यातच आहे.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं, हे आपल्या हवालदाराच्या घरी पाहू. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे त्याच्या स्वकष्टाच्या मालमत्तेचे चार समान हिस्से होतील: बायको, दोन मुलं आणि आई. वडील पहिल्या वर्गाचे वारस नाहीत, त्यांना काहीच नाही. ज्या नानांनी बाग जगवून याला शिकवलं, त्यांचं नाव त्या दोन एकरांवर येणार नाही, हे घरात कोणाच्या गावीही नसतं. तिकडे फ्लॅटमधला निम्मा हिस्सा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांचा होतो, आणि तो विकायचा तर आईलाही कोर्टाची परवानगी काढावी लागते. मुलांच्या शिक्षणासाठी मुलांच्याच आईने कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या. दोन साक्षीदारांच्या सह्यांनी हे टळू शकलं असतं. वडिलोपार्जित जमिनीत मात्र तो फक्त स्वतःच्या हिश्शापुरतं मृत्युपत्र करू शकतो, अख्ख्या बागेचं नाही. मुस्लिम जवानाला त्याच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे, इतर वारसांची संमती नसेल तर, एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं.

फौजेकडून मिळणारा पैसा या दोन्ही कागदांच्या बाहेर राहतो. कुटुंब निवृत्तिवेतन नियमाने ठरतं, मृत्युपत्राने ते दुसऱ्याकडे वळवता येत नाही. ग्रुप इन्शुरन्स आणि प्रॉव्हिडंट फंडासाठी युनिटमार्फत भरलेलं नॉमिनेशन बघतात. लग्न झालं, मूल झालं की त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डवर तशी नोंद करणारा आदेश, निघाली का, हे जवानाने स्वतः क्लार्ककडे जाऊन विचारावं. ती निघाली नसेल तर रेकॉर्डवर तो अजून अविवाहितच असतो, आणि मग त्याच्या बायकोला आपण बायको आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं.

अग्निवीरांच्या घरी तर हा विषय निघतच नाही. साडेसतराव्या वर्षी भरती झालेला पोरगा अठरा पूर्ण होईपर्यंत यातला कुठलाच कागद करू शकत नाही. नंतर करता येतो, पण पोराला मृत्युपत्र करायला सांगायला कोणत्या आईची जीभ रेटेल?

खरी अडचण तीच आहे. मुखत्यारपत्र सगळे करतात, कारण त्यात परत येणं गृहीत आहे. मृत्युपत्राचं नाव काढलं की बायको म्हणते, "अहो, निघताना असं अभद्र बोलू नका," आणि आई देवघरात जाऊन बसते. यावर माझ्या पाहण्यात एक रीत चांगली चाललीय. नवरा-बायको दोघांनी एकाच दिवशी आपापलं मृत्युपत्र करायचं. तिचे दागिने, तिची आरडी, तिच्या माघारी मुलांचं कोण बघणार, हे तिनेही लिहायचं. मग ते सीमेवर जाणाऱ्याचं मृत्युपत्र राहत नाही, संसार करणाऱ्या दोघांचं होतं. दिवसही निघायच्या आदल्या रात्रीचा नको. रजेच्या मध्यावर, देवळालीच्या बाजारातून भाजी आणली, मुलं अंगणात खेळतायत, अशा एखाद्या साध्या दुपारी बसावं.

या तयारीचा फायदा वाईट दिवसाची वाट बघत नाही, तो पहिल्या महिन्यापासून दिसतो. पोस्टवरून आठवड्यातून एकदा पाच मिनिटं फोन लागतो. ज्या घरी कागद झालेले नसतात, तिथे ती पाच मिनिटं "ओटीपी आला का", "बँकवाला तुमचीच सही मागतोय", "भाऊजी म्हणतात तुम्ही सांगितलंय" यात संपतात. तिकडे तो तीन दिवस त्याच विचारात ड्यूटी करतो, इकडे ती आपण चिडून बोललो म्हणून रडते. ज्या घरी कागद झालेले असतात, तिथे मुलगी बाबांना पाढे म्हणून दाखवते.

परत आल्यावर मुखत्यारपत्र आपोआप संपत नाही, त्यात मुदत लिहिलेली असेल तरच संपतं. म्हणून मुदत लिहावी, आणि नसेल तर ते रद्द केल्याचा लेख करून बँकेला, सोसायटीला, बिल्डरला आणि ज्याला अधिकार दिला होता त्याला लेखी कळवावं. मृत्युपत्र मात्र तसंच ठेवायचं. नवी जमीन घेतली, आणखी एक मूल झालं, आई-वडिलांपैकी कोणी गेलं, की नवं करायचं आणि त्यात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य घालायचं, कारण शेवटचंच मृत्युपत्र धरलं जातं. दोन्हींच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये ठेवून ती फाइल कुठल्या कपाटात आहे, हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं.