सफरचंदाच्या मुळातलं कडू रसायन

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी. कुणाला मधुमेह निघाला की हे उपाय सुचवणारे दहा जण भेटतात. पण गेल्या दहा-बारा वर्षांत मधुमेहाच्या उपचाराला नवं वळण देणारं रसायन निघालं ते सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून. त्याचं नाव फ्लोरिझिन.

१८३५ साली ते सालीतून वेगळं काढलं गेलं. चवीला कडू, हिवतापावरच्या क्विनाइनसारखं, म्हणून तापावर उपयोगी पडेल असं वाटलं. पुढे १८८६ मध्ये जर्मन वैद्य योसेफ फॉन मेरिंग यांनी ते कुत्र्यांना दिलं, तेव्हा लघवीतून भरपूर साखर जाऊ लागली. रक्तातली साखर मात्र वाढलेली नव्हती.

हे कसं घडलं ते मूत्रपिंडात डोकावलं की कळतं. निरोगी माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यात साधारण तेवढेच ग्रॅम ग्लुकोज असतं. तरीही लघवीत साखर सापडत नाही. गाळणीच्या पुढे ज्या सूक्ष्म नलिका असतात, त्यांच्या सुरुवातीलाच एसजीएलटी-२ नावाची प्रथिनं बसलेली असतात. ती यातली सुमारे ९० टक्के साखर उचलून रक्तात परत पाठवतात. मधुमेहात रक्तात साखर उतू चाललेली असतानाही त्यांचं हे काम चालूच राहतं. फ्लोरिझिन नेमकी हीच प्रथिनं अडवतं. काही माणसांत ती जन्मतःच सदोष असतात. त्यांच्या लघवीतून आयुष्यभर साखर जाते आणि तरी बहुतेकांना काही त्रास होत नाही.

मग सालीचा काढाच का घेऊ नये? फ्लोरिझिनच्या रेणूला साखरेचा एक घटक जोडलेला असतो; आतड्यात दुधातली साखर पचवणारं एन्झाइम तो जोड तोडून त्याचेही दोन तुकडे करतं. शिवाय फ्लोरिझिन आतड्यातल्या एसजीएलटी-१ या भावंड प्रथिनालाही अडवतं, त्यामुळे जुलाब होतात. रसायनशास्त्रज्ञांनी रेणूतली साखर थेट कार्बनला जोडली. हा जोड एन्झाइमला तुटत नाही. रेणू एसजीएलटी-२ वरच बसेल असे बदलही केले. त्यातून डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं आली. मला या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते ती ही मेहनत. झाडानं दिशा दाखवली, पण औषध घडवावं लागलं.

खरा लाभ साखरेपलीकडचा निघाला. मधुमेहात गाळणीवर दाब वाढतो आणि ती वर्षानुवर्षं झिजत जाते. या औषधांमुळे नलिकेत पुढे जास्त सोडियम पोचतं, ते जाणवून गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी आकसते आणि दाब उतरतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, मूत्रपिंडविकाराच्या ४,३०४ रुग्णांवरच्या चाचणीत मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका डापाग्लिफ्लोझिननं ३९ टक्क्यांनी घटला. त्यात मधुमेह नसलेले रुग्णही होते. त्याच वर्षी भारतात या औषधाच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि स्वस्त गोळ्या बाजारात आल्या.

धोकेही आहेत. लघवीतल्या साखरेमुळे जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. क्वचित रक्तात कीटोन आम्लं (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी) साचतात आणि तेव्हा साखर फार वाढलेली नसल्यानं निदान हुकण्याची भीती असते. म्हणून नवरात्राचे कडक उपवास धरायचे असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ही गोळी किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरांना आधीच विचारा. उपवासात मळमळ, पोटदुखी किंवा धाप लागली, तर ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा दिसला तरी थांबू नका, दवाखाना गाठा.