फिंशगाउ खोऱ्यातील ऐतिहासिक चर्चवास्तू

फिंशगाउ (इटालियन नाव वाल वेनोस्ता) हे आडिजे नदीचे वरचे खोरे. उत्तर इटलीच्या दक्षिण तिरोल प्रांतात, सुमारे १,५०० मीटर उंचीवरच्या रेशेन खिंडीपासून ते मेरानो शहराच्या अलीकडेपर्यंत उतरत जाते. आल्प्समधल्या सर्वांत जुन्या भित्तिचित्रांपैकी काही या खोऱ्यातल्या आणि त्याला पश्चिमेकडून मिळणाऱ्या म्युस्टायर खोऱ्यातल्या चर्चमध्ये आहेत. म्युस्टायर आज स्वित्झर्लंडमध्ये येते, पण या चर्चचा इतिहास सीमेच्या दोन्ही अंगांनी वाचावा लागतो. दोन्ही खोरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एकाच बिशपच्या, म्हणजे खूर धर्मप्रांताच्या, अखत्यारीत होती.

खोऱ्यात पाऊस फार कमी, काही भागांत वर्षाला जेमतेम ५०० मिमी. शेती पूर्वापार डोंगरातून आणलेल्या पाटांवर चालत आली. एवढ्या कोरड्या, अरुंद जागेत इतकी जुनी चर्च कशी, याचे उत्तर रस्त्यात आहे. रोमन काळातला व्हिया क्लॉडिया ऑगस्टा हा मार्ग इथूनच आल्प्स ओलांडून जाई. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ७७४ मध्ये इटलीतले लोंबार्ड राज्य जिंकल्यावर फ्रँक सत्तेला या वाटा हाताशी हव्या होत्या, आणि वाट राखायची तर तिच्या कडेला मठ असणे सोयीचे होते.

म्युस्टायरचा संत योहान मठ स्वतः शार्लमेनने स्थापला, अशी परंपरा आहे. चर्चमध्ये त्याचा पुतळाही उभा आहे. दंतकथा सोडून दिली तरी काळ मात्र जुळतो : बांधकामातल्या लाकडांच्या वर्षवलयांवरून स्थापनेचा काळ ७७५ च्या सुमाराचा ठरतो. आतल्या भिंतींवर नवव्या शतकात राजा दावीद आणि येशू यांच्या कथा चौकटीचौकटींनी रंगवल्या गेल्या, आणि पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम न्यायाचा देखावा आला. सुमारे १२०० मध्ये काही भागांवर नवा गिलावा चढवून त्यावर पुन्हा चित्रे काढली. हेरोदाच्या मेजवानीतले सालोमीचे नृत्य या दुसऱ्या थरातले. पुढे सगळेच चुन्याखाली गेले. १८९४ मध्ये जुन्या चित्रांचा माग लागला, विसाव्या शतकाच्या मध्यास ती मोठ्या प्रमाणावर उघडी झाली आणि १९८३ मध्ये मठ जागतिक वारसा यादीत आला. बाराव्या शतकापासून इथे बेनेडिक्टीन जोगिणी राहतात, त्यामुळे ही वास्तू आजही नांदती आहे.

चित्र झाकले जाणे म्हणजे ते गेलेच असे नाही, हे या खोऱ्यात वारंवार दिसते. नवा गिलावा धरावा म्हणून गवंडी जुन्या पृष्ठभागावर टाचे मारत, तेवढी इजा होई खरी. पण धूर, ओल, आणि त्याहून घातक म्हणजे हौशी रंगकाम, यांपासून तोच गिलावा चित्राला वाचवी.

माल्स गावातले संत बेनेडिक्ट चर्च सुमारे ८०० चे, एका खोलीएवढे. समोरच्या भिंतीत तीन कोनाडे आहेत आणि मधल्या कोनाड्यात ख्रिस्त आहे. खरे पाहण्यासारखे आहे ते कोनाड्यांच्या मधल्या जागेत : एकीकडे चर्चची प्रतिकृती हातात धरलेला धर्मगुरू, दुसरीकडे तलवार घेतलेला फ्रँक सरदार. दोघे देणगीदार असावेत. त्यांच्या डोक्यामागची प्रभा गोल नसून चौकोनी आहे; चित्र काढताना माणूस हयात होता, हे सांगण्याची ती रीत. त्या काळच्या सरदाराचे इतके मोठे चित्र क्वचितच कुठे शिल्लक असेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसऱ्या जोसेफच्या सुधारणांत या चर्चमधली उपासना बंद पडली.

नाटुर्न्सचे संत प्रोकुलुस चर्च याहून जुने, सातव्या शतकातले मानतात. चित्रांच्या काळाबद्दल मात्र एकमत नाही. सातव्यापासून नवव्या शतकापर्यंत मते जातात. दक्षिणेच्या भिंतीवर एक संत दोरावर बसला आहे, जणू झोक्यावर, आणि दोर वरून लोकांनी धरला आहे. दमास्कसच्या तटावरून निसटणारा पौल, की वेरोनाहून पळणारा बिशप प्रोकुलुस? वाद अजून मिटलेला नाही, आणि गावकऱ्यांना तो मिटण्याची घाईही दिसत नाही. त्यांच्या लेखी तो ‘झोके घेणारा’ आहे. पश्चिमेच्या भिंतीवर गाईंची रांग आणि सोबत कुत्रा आहे. प्रोकुलुस हा गुराढोरांचा रखवाला संत, म्हणून ती तिथे चालत आली. या चित्रांवर गॉथिक काळातला थर होता. तो काढून घेऊन आता शेजारच्या संग्रहालयात ठेवला आहे. चर्चच्या आवारातील उत्खननात १६३६ च्या प्लेगमध्ये मेलेल्यांच्या कबरी मिळाल्या.

बुर्गआइसच्या वर, १,३४० मीटरवर, मारियनबर्ग मठाच्या पांढऱ्या भिंती दूरवरून दिसतात. बाराव्या शतकाच्या मध्यास टारास्पच्या सरदार घराण्याने तो वसवला. युरोपातला सर्वांत उंचावरचा बेनेडिक्टीन मठ अशी त्याची ख्याती आहे. तळघरातल्या प्रार्थनागृहात सुमारे ११८० मध्ये ख्रिस्त आणि देवदूत रंगवले गेले. सतराव्या शतकात त्या जागेचे दफनगृह झाले आणि थडग्यांआड चित्रे झाकली गेली. १९८० मध्ये थडगी हलवल्यावर ती पूर्ण उघडी झाली. निळा रंग तर काल लावल्यासारखा.

लाच गावात थर आणखी खाली जातो. बिख्ल टेकाडावरच्या मरियामातेच्या चर्चमध्ये वेदीवरची संगमरवरी शिळा १९९२ मध्ये तपासली, तेव्हा ती ताम्रयुगातला कोरीव उभा दगड निघाली. शेजारच्या श्नाल्स खोऱ्याच्या माथ्यावर बर्फात ओट्झी हा हिममानव सापडून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. दोघे साधारण एकाच काळातले.

सर्वाधिक छायाचित्रे मात्र ज्याचे चर्चच उरले नाही अशा मनोऱ्याची निघतात. रेशेन खिंडीखालच्या ग्राउन गावात चौदाव्या शतकातला घंटामनोरा होता. वीजनिर्मितीसाठी तिथल्या तलावाची पातळी २२ मीटरने चढवायचे ठरले. गाव जर्मन बोलणारे आणि सूचना लागली इटालियनमध्ये. विरोध, अर्ज, पोपकडे गाऱ्हाणे, काहीच कामी आले नाही. १९५० च्या उन्हाळ्यात १६३ घरे आणि चर्च उडवून दिले. जुनी वास्तू म्हणून मनोरा तेवढा ठेवला, तो आज तलावाच्या पाण्यातून वर डोकावतो. घंटा त्याआधीच उतरवल्या होत्या, तरी कडक थंडीत तलाव गोठला की त्या ऐकू येतात असे लोक सांगतात. २००९ मध्ये मनोऱ्याची डागडुजी झाली. २०२१ मध्ये कामासाठी तलावाचे पाणी उतरवले, तेव्हा काही दिवस गाळातून घरांच्या भिंती, पायऱ्या आणि तळघरे वर आली होती.