चापुंगू शिल्पोद्यान

चापुंगू शिल्पोद्यान हे झिंबाब्वेतील आधुनिक दगडी शिल्पांचे, म्हणजे जगभर ‘शोना शिल्प’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलेचे खुले संग्रहालय आहे. मूळ उद्यान राजधानी हरारेच्या पूर्वेकडील म्सासा भागात, डून इस्टेटमध्ये वसले. त्याच नावाचे दुसरे उद्यान २००७ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील लव्हलँड शहरात खुले झाले. चापुंगू हा आखूड शेपटीचा, लाल चेहऱ्याचा आफ्रिकी गरुड. शोना लोक, म्हणजे झिंबाब्वेतला सर्वांत मोठा समाज, त्याला पूर्वजांचा निरोप्या मानतात.

ही कला फार प्राचीन असावी असा बऱ्याच जणांचा समज असतो. ग्रेट झिंबाब्वेच्या भग्न नगरीत सापडलेले सोपस्टोन या मऊ दगडाचे पक्षी त्याला कारण आहेत. त्यांतलाच एक आज देशाच्या ध्वजावर आहे. पण त्या पक्ष्यांचे कारागीर आणि आजचे शिल्पकार यांच्यात काही शतकांचे अंतर आहे, आणि गुरू-शिष्यांची कोणतीही सलग परंपरा त्यांना जोडत नाही. शोना शिल्पाचा जन्म विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याने त्याचे मोल कमी होत नाही. उलट एका पिढीत, तेही वर्णभेदी राजवटीखाली, एवढी कला उभी राहिली याचे नवल वाटते.

सॅलिसबरीत (आजचे हरारे) १९५७ साली ऱ्होड्स नॅशनल गॅलरी सुरू झाली. तिचे पहिले संचालक फ्रँक मॅकएवन पॅरिसहून आले होते. त्यांनी गॅलरीतच स्थानिक लोकांना रंग आणि साधने देऊन कामाला बसवले. थॉमस मुकारोब्ग्वा हा तिथला नोकर पुढे नामवंत चित्रकार व शिल्पकार झाला. त्याच सुमारास न्यांगाच्या डोंगराळ भागात जोराम मारिगा हे शेतीखात्याचे कर्मचारी रस्त्याच्या कामात निघालेला मऊ हिरवट दगड फावल्या वेळात कोरू लागले होते. त्यांनी हाताखालच्या तरुणांना आणि जॉन व बर्नार्ड ताकाविरा या आपल्या भाच्यांना हे काम शिकवले. झिंबाब्वेत मारिगांना या कलेचे जनक मानतात. मॅकएवन यांनी ही शिल्पे परदेशी नेली आणि १९७१ साली पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. तरी सुरुवातीचे सारे श्रेय त्यांच्याच पदरात टाकणे हा मारिगांवर अन्याय आहे.

दुसरा प्रवाह तेंगेनेंगे या शिल्पकारांच्या वसाहतीचा. गुरुवेजवळ टॉम ब्लोमफील्ड यांचे तंबाखूचे शेत होते. ऱ्होडेशियाने (झिंबाब्वेचे तेव्हाचे नाव) १९६५ मध्ये ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केल्यावर निर्बंध आले आणि तंबाखूचा बाजार बसला. शेताच्या परिसरात सर्पेंटाइन हा कोरण्याजोगा दगड होता. ब्लोमफील्ड यांनी १९६६ पासून मजुरांच्या हाती हातोडा-छिन्नी दिली. या मजुरांत मलावी, झांबिया, मोझांबिक, अंगोला इथून आलेली कुटुंबे पुष्कळ होती. मिचमिच्या डोळ्यांचे हसरे चेहरे घडवणारे फनिझानी आकुडा हे झांबियात जन्मलेले, चेवा जमातीचे. ‘शोना’ हे सोयीचे नाव या सगळ्यांना झाकून टाकते, म्हणून अनेक अभ्यासक ‘झिंबाब्वेचे दगडी शिल्प’ असेच म्हणतात. बर्नार्ड मातेमेरा आणि हेन्री मुन्यारद्झी हेही तेंगेनेंगेचेच. तिथेही शिल्पे उघड्यावर, झाडांखाली ओळीने मांडलेली असतात.

चापुंगूची स्थापना १९७० साली रॉय गुथ्री यांनी केली. मॅकएवन १९७३ मध्ये पायउतार झाले, त्याच सुमारास स्वातंत्र्ययुद्ध तीव्र झाले, गिऱ्हाईक आटले. त्या काळात शिल्पकारांकडून काम घेत राहणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर तिचा खरा विस्तार झाला. होतकरू कलावंतांना निवासी म्हणून घेऊन दगड, हत्यारे आणि बसायला जागा देण्याची पद्धत इथे पडली, आणि उद्यानाचे सर्वांत मोठे काम हेच आहे. दगड जड, महाग आणि लांबून आणावा लागणारा. तो पदरचे पैसे घालून विकत घ्यायचा तर तरुण माणूस विक्रीची खात्री असलेल्या छोट्या वस्तूंवरच अडकतो. डॉमिनिक बेन्हुरा, ॲग्नेस न्यान्होंगो, कॉलिन मादामोम्बे हे चापुंगूत वाढलेले कलावंत. बेन्हुरांच्या खेळणाऱ्या मुलांना नाक-डोळे नसतात. सगळा आनंद हातापायांच्या झेपेत दिसतो.

काम कसे होते ते पाहण्यासारखे आहे. सर्पेंटाइनच्या अनेक जाती वापरात आहेत. मोठ्या शिल्पांसाठी ‘स्प्रिंगस्टोन’ हा टणक, काळा प्रकार विशेष पसंत. त्याच्या धोंड्यावर ऊनपावसाने तांबूस-तपकिरी साल चढलेली असते. शिल्पकार बहुधा आराखडा काढत नाही, मातीचा नमुनाही करत नाही. धोंडा फिरवून पाहतो आणि त्याच्या ठेवणीप्रमाणे थेट छिन्नी लावतो. मग कानशीने घासणे, त्यानंतर पाणी घालून पॉलिश पेपर, खरखरीतपासून अगदी बारीकपर्यंत. शेवटी शिल्प आगीने तापवून गरम दगडावर मेण चोळतात. इतका वेळ राखाडी दिसणारा पृष्ठभाग डोळ्यांदेखत काळाभोर होतो. जिथे मेण लावलेले नाही तिथे छिन्नीचे फिकट ओरखडे तसेच राहतात. मादामोम्बेंनी या फरकाचा फार सुंदर उपयोग केला: ठसठशीत, थोराड बायकांचे चेहरे आणि हात गुळगुळीत चकचकीत, तर घागरा खडबडीत, कुठे कुठे दगडाची मूळ सालच ठेवलेली. बाईच्या अंगावरचे वस्त्र आणि अंग यांतला भेद एकाच दगडात, रंग न लावता त्यांनी दाखवला. २००९ साली त्या अकाली गेल्या.

हीच शिल्पे बंद दालनात, दिव्याखाली ठेवली की निम्मी मुकी होतात. ती उघड्यावर घडतात, आणि उन्हाचा कोन बदलला की खडबडीत भागावरची सावली बदलते. उघड्यावर ठेवण्याची किंमतही आहे: ऊन-पावसाने मेण उतरते, काळा रंग फिका पडतो, आणि शिल्प पुन्हा तापवून मेणवावे लागते.

गुथ्री यांनी संग्रहातील मोठी शिल्पे घेऊन फिरती प्रदर्शने केली. २००० साली लंडनच्या क्यू उद्यानात, २००१ साली सेंट लुईसच्या मिसूरी वनस्पती उद्यानात ती झाडाझुडपांत मांडली गेली. त्यातूनच लव्हलँडचे उद्यान उभे राहिले: २६ एकर जागा, ८२ शिल्पे, मधून पायवाटा. तोवर झिंबाब्वेत पर्यटक आटले होते आणि परदेशातला हा संग्रह कलावंतांसाठी मोलाचा ठरला. मांडणी आठ विषयांत आहे: निसर्ग, ग्रामजीवन, स्त्रिया, वडीलधारी मंडळी, आत्म्यांचे जग, चालीरीती व दंतकथा, मुले, कुटुंब. नवख्या प्रेक्षकाला ही विभागणी सोपी जाते, पण तिच्यामुळे शिल्पे एखाद्या जमातीच्या जीवनाची चित्रमाला वाटू लागतात आणि त्यांमागची माणसे मागे पडतात. मातेमेरांच्या बोजड, दोन-तीन बोटांच्या आकृती आणि निकोलस मुकोम्बेरान्वांचे कोनदार, घडीव चेहरे यांचा विषय एक असला, तरी दृष्टी सर्वस्वी वेगळी आहे. म्हणून उद्यानात फिरताना विषयाच्या पाटीआधी शिल्पकाराचे नाव वाचावे आणि एकाच हाताची दोन-तीन कामे शोधून लागोपाठ पाहावीत.