टेक्सासच्या टेकड्यांतली जर्मन घरे : लाकडी चौकटीतून दगडी भिंतीकडे

1842 मध्ये ऱ्हाईनकाठच्या काही जर्मन सरदारांनी टेक्सासमध्ये वसाहती उभारण्यासाठी एक मंडळ काढले. आडेल्सफेराईन हे त्याचे लोकांच्या तोंडी बसलेले नाव. मंडळाने 1845 मध्ये न्यू ब्राउनफेल्स वसवले आणि 8 मे 1846 रोजी पहिल्या वसाहतकऱ्यांच्या बैलगाड्या फ्रेडरिक्सबर्गच्या जागी पोचल्या. कुटुंबाला 320 एकर देण्याचे आश्वासन होते, पण ती जमीन लानो नदीपलीकडे, कोमान्ची या मूळ अमेरिकन लोकांच्या मुलखात होती. तूर्त हातात पडला तो गावातला एक भूखंड आणि गावाबाहेर 10 एकरांचा शेताचा तुकडा. पुढे इथे जी घरे झाली, त्यातले बरेच काही या वाटपामुळे ठरले.

पहिला निवारा म्हणजे जमिनीत शेजारी शेजारी रोवलेले खांब आणि फटींत लिंपलेला चिखल. जरा स्थिरावल्यावर सुतारांनी गावाकडची फाखवेर्क, म्हणजे लाकडी चौकटीत भराव घालून भिंत करण्याची, पद्धत काढली. दगडी जोत्यावर आडवी तुळई, तिच्यावर उभे खांब, कोपऱ्यांत तिरपे टेकू. सांधे कुसू आणि खाच करून लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले. जर्मनीत या चौकटींत काठ्यांचा कूड घालून वर चिखल-पेंढा थापत. इथे पायाखालीच चुनखडीचा दगड होता, म्हणून चौकटींत ओबडधोबड दगड आणि चुना भरला गेला.

इथेच अडचण सुरू झाली. इथला ओक बुटका आणि वाकडा, लांब सरळ तुळया मिळणे कठीण. लाकूड ओले असतानाच वापरले की वर्षभरात आकसते आणि दगडाच्या भरावापासून सुटते. त्या फटीतून पाऊस आत जातो, पाणी खालच्या तुळईवर साठते आणि खांबाचे बूड कुजू लागते. बऱ्याच घरांना बाहेरून चुन्याचा गिलावा झाला तो यासाठी. काळ्या लाकडी पट्ट्या आणि पांढऱ्या चौकटींचे जे चित्र आज पर्यटकांना दाखवतात, ते त्यामुळे अर्धेच खरे आहे. मालकाला त्या पट्ट्या झाकायच्याच होत्या.

मग चौकट हवीच कशाला? 1850 नंतर हळूहळू सबंध भिंतच दगडाची होऊ लागली. भिंत साधारण दीड फूट जाड, आतबाहेर दोन तोंडे, मध्ये चिपांचा भराव आणि ठरावीक अंतराने भिंतीच्या आरपार जाणारे दगड. हे आरपार दगड कमी पडले की दोन्ही तोंडे सुटी होतात आणि भिंतीला पोट येते. चुना तिथलाच. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून खड्ड्यात मुरवायचा आणि एका भागाला साधारण तीन भाग वाळू घालायची. भट्टी नीट तापली नाही तर गाभ्यात कच्चे खडे राहतात. चुना घाईने विरवला तर उरलेले कण भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात.

छपरावर आधी सायप्रसची फळकुटे, नंतर पत्रा. दर्शनी पडवी मात्र जर्मनीतून आलेली नाही. ती टेक्सासच्या उन्हाने शिकवली.

दरम्यान 10 एकरांवर भागेना. लोक दूरच्या टेकड्यांत जमिनी घेऊन गुरे पाळू लागले. बाजार आणि चर्च गावात, घर मैलोगणती लांब. त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ‘संडे हाउस’, म्हणजे शनिवार-रविवारच्या मुक्कामापुरते गावातले छोटे घर, रूढ झाले. खाली एक खोली, मागे स्वयंपाकाची पडवी, वर मुलांना झोपायला पोटमाळा. माळ्याचा जिना बहुधा घराबाहेरून, कारण आत घेतला तर मुळातच लहान असलेल्या खोलीचा कोपरा जातो. शनिवारी सौदा, रविवारी प्रार्थना, मग गाडी परत. फ्रेडरिक्सबर्गच्या पायोनियर म्युझियममधले वेबर संडे हाउस 1904 चे आहे. मोटारी आणि बरे रस्ते आल्यावर मुक्कामाची गरज संपली. पुढे अनेक घरांत म्हातारी माणसे कायमची राहायला आली.

शेतातून वेचलेल्या दगडांचे बांधही याच मुलखाची खूण. चुना न लावता रचलेले, आपल्या कोकणातल्या गडग्यासारखे. 1874 च्या पेटंटनंतर काटेरी तार स्वस्त होत गेली आणि नवे बांध रचणे मागे पडले.

जुन्या घरांचे सध्या सर्वात मोठे नुकसान दुरुस्तीतून होते. दगडांमधल्या दरजांत सिमेंट भरले की भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडू शकत नाही. ती मऊ दगडातूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. ‘मूळ दगड दिसावा’ म्हणून गिलावा खरवडणे हाही तसाच उद्योग, कारण ओबड दगडाच्या भिंतीवर पावसाचा पहिला मारा झेलायला तोच होता. असे घर हाती आले तर सिमेंट दगडाची कड न दुखावता छिन्नीने काढावे, दरजा सुमारे इंचभर खोल मोकळ्या कराव्यात, भिजवाव्यात आणि पुन्हा चुन्यानेच भराव्यात. कडक उन्हात चुना लवकर सुकून भुसभुशीत होतो, म्हणून काही दिवस ओले गोणपाट लावून ठेवावे.