ऊतकविकृतिविज्ञान

शरीरातून काढलेल्या ऊतकाचे (समान पेशींच्या समूहाचे) अतिशय पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आणि पेशींचा आकार, मांडणी व रंग घेण्याची पद्धत यांवरून रोग ओळखणे हा या शाखेचा विषय आहे. रोगाचे नाव ठरवण्याबरोबरच त्याची प्रत (तीव्रतेची श्रेणी) कोणती, तो आसपास किती पसरला आहे आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत का, हेही या तपासणीतून कळते. वैद्यक व दंतवैद्यक या दोहोंत तिची मूळ पद्धत एकच आहे.

फ्रेंच शरीरविज्ञ झाव्ह्ये बिशा (१७७१–१८०२) यांनी मानवी शरीरातील २१ ऊतके वेगळी केली, तीही सूक्ष्मदर्शक न वापरता. रोगाचे स्थान संपूर्ण अवयव नसून त्यातील विशिष्ट ऊतक असते, हा विचार त्यांच्यापासून रूढ झाला. आधुनिक ऊतकविकृतिविज्ञानाचा आरंभ सामान्यतः रुडोल्फ फिरखो यांच्या १८५८ मधील पेशीविकृतिविषयक व्याख्यानांपासून मानतात. मात्र त्यांचे गुरू योहानेस म्यूलर यांनी १८३८ मध्येच अर्बुदांच्या (पेशींच्या अनियंत्रित वाढीने होणाऱ्या गाठींच्या) सूक्ष्म रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. केवळ अर्बुदांच्या निदानाचा विचार केल्यास म्यूलर यांना अग्रक्रम देणे अधिक योग्य ठरते.

आज बहुतेक सर्व छेद प्रथम हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या जोडरंगाने रंगवले जातात. या जोडीचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्यातून मिळते. व्हिल्हेल्म वाल्डेयर यांनी १८६३ च्या सुमारास ते ऊतकांवर वापरून पाहिले, पण नुसत्या अर्काने रंग नीट धरत नाही. १८६५ मध्ये बोमर यांनी त्याला तुरटीची जोड दिली आणि केंद्रके स्पष्ट निळी दिसू लागली. वस्तुतः रंगवण्याचे काम हिमॅटॉक्सिलिन करत नाही, तर त्याच्या ऑक्सिडीकरणातून बनणारे हिमाटीन करते. तुरटीतील ॲल्युमिनियम त्याला केंद्रकाशी बांधून ठेवते. इओसिन हा कृत्रिम रंग फिशर यांनी १८७५ मध्ये ऊतकांसाठी वापरला. दोन्ही रंग एकत्र वापरल्याचा मान बहुतेक लेखक विसोत्स्की यांना (१८७६) देतात. तथापि तुरटीच्या जोडीवाचून ही पद्धत टिकली नसती, हे ध्यानात घेता बोमर यांचा वाटा सहसा मांडला जातो त्याहून मोठा आहे.

ऊतकाचा तुकडा शरीराबाहेर येताच त्यातील विकरे (एन्झाइमे) पेशींचे विघटन सुरू करतात. ते थांबवण्यासाठी तो किमान दहापट आकारमानाच्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. फॉर्मॅलिनचा हा गुण फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये नोंदवला. जंतुनाशक म्हणून त्याची चाचणी घेताना आपल्या बोटांची कातडी कडक झाल्याचे त्यांना आढळले. पुढे अल्कोहोलने पाणी काढून, झायलीनमधून नेऊन तुकडा वितळलेल्या पॅराफिनमध्ये बसवतात आणि मायक्रोटोम या पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे छेद घेतात. तोंडातील तुकडे लहान असल्याने त्यांना इजा लवकर होते. चिमट्याने दाबल्यास केंद्रके ताणून ओळखू येईनाशी होतात, आणि बधिरतेचे इंजेक्शन थेट व्रणात दिल्यास ऊतकाचे थर विलग होतात. असा तुकडा कुशल तज्ज्ञालाही वाचता येत नाही.

हाड व दात कापण्यापूर्वी फॉर्मिक आम्ल किंवा ईडीटीए या कॅल्शियम बांधणाऱ्या रसायनाने त्यांतील खनिजे काढावी लागतात. एनॅमलमध्ये (दाताच्या बाहेरील कठीण आवरणात) वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असल्याने या प्रक्रियेत ते जवळजवळ पूर्ण नाहीसे होते आणि छेदात त्या जागी पोकळी उरते. त्यामुळे एनॅमलमधील कीड अभ्यासायची असल्यास दात खनिजांसह घासून पातळ करतात.

दाताच्या मुळाच्या टोकाशी एक्स-रेमध्ये दिसणारी काळी जागा कणार्बुद (दीर्घ दाहाने बनलेला ऊतकाचा गोळा) आहे की पुटी (द्रव भरलेली पिशवी), हे एक्स-रेवरून खात्रीने सांगता येत नाही. छेदात अभिस्तराचे (पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशींच्या थराचे) अस्तर असलेली पोकळी दिसली तर ती पुटी. हे अस्तर दातांच्या घडणीनंतर मागे राहिलेल्या, मालासे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशीपुंजांपासून येते असे मानतात. पोकळी कशी तयार होते याविषयी दोन मते आहेत : वाढलेल्या पेशीपुंजाच्या मध्यभागातील पेशी पोषणाअभावी मरतात, किंवा आधी झालेल्या गळवाला अभिस्तर वेढून टाकतो. जबड्यातील केराटिनयुक्त पुटीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. सहा ते आठ पेशींचे नागमोडी अस्तर आणि तळाशी ओळीने उभ्या पेशी, ही तिची खूण. काढल्यानंतर ती पुन्हा उद्भवू शकते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिला अर्बुद ठरवले आणि २०१७ मध्ये पुन्हा पुटींत घातले. सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र या काळात बदलले नव्हते. बदलला तो त्याचा अर्थ.

छेद एकट्याने निदान करत नाही, हे जबड्यातील महापेशी (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी असलेल्या) कणार्बुदावरून विशेष पटते. परावटू (गळ्यातील पॅराथायरॉइड) ग्रंथींच्या अतिक्रियेमुळे होणारी तपकिरी गाठ छेदात अगदी तशीच दिसते. रक्तातील कॅल्शियम व परावटू हॉर्मोन मोजल्याशिवाय दोन्ही वेगळे करता येत नाहीत. म्हणून तुकड्यासोबत रुग्णाचे वय, जागा, एक्स-रे व पूर्वेतिहास पाठवणे हा निदानाचाच भाग आहे. उलट, शोग्रेन रोगात (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ व अश्रुग्रंथींवर हल्ला करते त्या विकारात) ओठाच्या आतील लहान लाळग्रंथी संपूर्ण शरीराच्या व्याधीची साक्ष देतात : ४ चौरस मिमी. क्षेत्रात ५० किंवा अधिक लसीका पेशींचा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा) किमान एक पुंज हा निकष त्यासाठी वापरतात.

कर्करोगाची प्रत ठरवण्याची पद्धत ब्रॉडर्स यांनी १९२० मध्ये ओठाच्या कर्करोगावरूनच मांडली. तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांत दिसणाऱ्या कर्कपूर्व बदलांचे सौम्य, मध्यम व तीव्र असे तीन वर्ग करतात. परंतु तोच छेद पाहणाऱ्या दोन तज्ज्ञांचा वर्ग अनेकदा जुळत नाही, आणि म्हणून कमी व जास्त धोका अशा दोनच वर्गांची सूचना पुढे आली आहे.

जोडरंग अपुरा पडतो तेथे विशेष रंग वापरतात : कवकांसाठी पीएएस, क्षयजंतूंसाठी झील-नील्सन, अमिलॉइडसाठी (ऊतकांत साचणाऱ्या विकृत प्रथिनासाठी) काँगो रेड. ॲल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडांना (विशिष्ट पदार्थाला चिकटणाऱ्या प्रतिकारक प्रथिनांना) चमकणारा रंग जोडल्यापासून विशिष्ट प्रथिने छेदातच दाखवणे शक्य झाले. पेम्फिगस या फोड आणणाऱ्या रोगात, जो बऱ्याचदा तोंडातील फोडांनी सुरू होतो, अभिस्तराच्या पेशींभोवती प्रतिपिंडांचे जाळे याच पद्धतीने दिसते. या तपासणीचा तुकडा व्रणातून न घेता त्याच्या शेजारच्या अखंड भागातून घ्यावा आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये.