अमेरिकेतील एमएफए लेखन अभ्यासक्रम: पात्रता, कागदपत्रे, आणि फंडिंगसोबत गाव तपासण्याची पद्धत

अमेरिकेत सर्जनशील लेखनाची पदव्युत्तर पदवी म्हणजे एमएफए. कथा-कादंबरी, कविता किंवा ललित गद्य यांपैकी एक शाखा घ्यायची, दोन-तीन वर्षे लिहायचे, वर्कशॉपमध्ये एकमेकांचे लेखन वाचून त्यावर बोलायचे आणि शेवटी पुस्तकाच्या आकाराचा प्रबंध सादर करायचा, असे तिचे स्वरूप. या पदवीने नोकरीची हमी मिळत नाही. त्यामुळे तिच्यासाठी कर्ज काढू नये, हे माझे मत मी आधीच सांगून ठेवते. कर्ज न काढताही ती करता येते, कारण बऱ्याच विद्यापीठांत फी माफ होते आणि वर राहण्याखाण्यापुरता स्टायपेंड मिळतो.

मात्र स्टायपेंडचा आकडा तेवढा पाहून विद्यापीठ निवडले, तर तिथे पोहोचल्यावर पंचाईत होऊ शकते. अमेरिकेतल्या कितीतरी गावांत गाडीशिवाय किराणासुद्धा आणता येत नाही, आणि एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला बाहेर काम करून त्या गाडीचा खर्च भागवण्याची मुभा नसते. म्हणून गावात पायी फिरता येते का, हा प्रश्न मी फंडिंगच्याच हिशेबात धरते. तो हिशेब कसा करायचा ते पुढे येईलच. आधी अर्जाचे पाहू.

पात्रता

कोणत्याही शाखेची पदवी चालते. इंग्रजी साहित्यच घेतलेले असावे अशी अट सहसा नसते. विज्ञान, वाणिज्य, अभियांत्रिकी शिकलेले लोकही या वर्गांत असतात. वयाची मर्यादा नाही. आधी काही छापून आलेले असलेच पाहिजे असेही नाही. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता बहुतेक ठिकाणी मागत नाहीत.

अडचण येते ती तीन वर्षांच्या भारतीय पदवीची. काही विद्यापीठे ती जशीच्या तशी स्वीकारतात, तर काही चार वर्षांच्या शिक्षणाचा आग्रह धरतात. तुमची निवड लेखन विभाग करतो, पण अधिकृत प्रवेश विद्यापीठाचे ग्रॅज्युएट स्कूल देते. विभागाला लेखन आवडूनही ग्रॅज्युएट स्कूलच्या नियमात पदवी बसली नाही, तर अर्ज तिथेच अडतो. म्हणून अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी ग्रॅज्युएट स्कूलला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. एमए झालेले असेल तर हा प्रश्न बहुधा सुटतो.

इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण लागतात. दोन्हींचे गुण दोन वर्षेच ग्राह्य असतात. पदवीचे माध्यम इंग्रजी असेल तर काही विद्यापीठे परीक्षा माफ करतात. त्यासाठी महाविद्यालयाकडून माध्यमाचा दाखला घ्यावा लागतो. पण परीक्षा माफ झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. फंडिंग टीचिंग असिस्टंटशिपच्या रूपात, म्हणजे विद्यापीठातले वर्ग शिकवण्याच्या बदल्यात असेल, तर वर्गात शिकवण्यासाठी बोलण्याच्या इंग्रजीची वेगळी किमान पातळी बऱ्याच ठिकाणी ठरलेली असते, आणि काही राज्यांत ती तपासणे कायद्यानेच बंधनकारक आहे. प्रवेशाला पुरेसे ठरलेले गुण शिकवण्याला कमी पडू शकतात. मग फंडिंगच धोक्यात येते. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे विचारून घ्या.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एमएफएचे वर्कशॉप इंग्रजीत चालते आणि अर्जासोबतचा लेखनाचा नमुनाही इंग्रजीतच द्यावा लागतो. तुमचे खरे काम मराठीत असेल तर साहित्यिक अनुवादाच्या एमएफएचा विचार जरूर करा. आयोवा विद्यापीठ आणि आर्कान्सा विद्यापीठ ही पदवी देतात. तिथे मराठी येणे हे तुमचे बळ ठरते, आणि त्या वाटेने मराठीतले चांगले लेखन इंग्रजीत जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कागदपत्रे

सर्वांत महत्त्वाचा लेखनाचा नमुना, म्हणजे रायटिंग सॅम्पल. कथेसाठी साधारण 20 ते 30 पाने आणि कवितेसाठी 10 ते 15 पाने मागतात. नेमकी मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि ती ओलांडायची नाही. निवड समिती बाकी सगळे नंतर पाहते, आधी हा नमुना वाचते. विषयांची विविधता दाखवण्यासाठी चार अर्धवट तुकडे जोडण्यापेक्षा एक-दोन पूर्ण, तासून-पुसून घेतलेल्या कथा द्या. सर्वांत चांगली कथा पहिली ठेवा, कारण शेवटचे पान वाचले जाईलच असे गृहीत धरता येत नाही. अर्जाच्या तयारीला सहा महिने असतील तर त्यातले पाच नमुन्याला द्यावेत.

त्यानंतर स्टेटमेंट ऑफ पर्पज. एक-दोन पानांत तुम्ही काय लिहिता, सध्या कशावर काम चालू आहे आणि याच विभागात का यायचे आहे, एवढे सांगायचे. लहानपणापासून वाचनाची आवड होती, या वाक्याने सुरुवात करू नका. काही विद्यापीठे पर्सनल स्टेटमेंट वेगळे मागतात. त्यात तुमची पार्श्वभूमी येते, लेखनाचा आराखडा नाही.

शिफारसपत्रे सहसा तीन लागतात. तुमचे लेखन ज्यांनी प्रत्यक्ष वाचले आहे, अशांना विचारा. पत्र तुम्ही अपलोड करायचे नसते. अर्जात शिफारस करणाऱ्याचा ईमेल भरला की त्यांना थेट दुवा जातो. हे पुष्कळ प्राध्यापकांना ठाऊक नसते आणि तो ईमेल स्पॅममध्ये पडून राहतो. मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी त्यांना भेटा, आणि दुवा पोहोचला का हे आठवण ठेवून विचारा.

बाकी ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाची गुणपत्रके), बायोडेटा, पासपोर्ट. ट्रान्सक्रिप्टची स्कॅन प्रत अर्जाला चालते, अधिकृत सीलबंद प्रत निवड झाल्यावर मागतात. आपल्याकडे विद्यापीठातून ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच टाकून ठेवा. अर्जाचे शुल्क प्रत्येक विद्यापीठाला वेगळे भरावे लागते. आठ-दहा ठिकाणी अर्ज केले तर ही रक्कम चांगलीच फुगते. शुल्कमाफीची सोय आहे का, हे विभागाला विचारायला संकोच करू नका.

फंडिंगचे पत्र कसे वाचावे

पूर्ण फंडिंग या शब्दावर थांबू नका. त्यात तीन गोष्टी असायला हव्यात: फीची माफी, स्टायपेंड आणि आरोग्य विमा. फी माफ झाली तरी विद्यार्थी-सेवांचे वेगळे शुल्क माफ होतेच असे नाही, आणि दर सत्राला ते भरावे लागते. स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बारा, हे पाहा. नऊ महिन्यांचा असेल तर उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचे भाडे कुठून येणार? फंडिंग पहिल्या वर्षापुरते आहे की पदवी संपेपर्यंत, हेही पत्रात स्पष्ट असले पाहिजे.

मग येते शिकवण्याचे ओझे. दर सत्राला एक वर्ग आणि दोन वर्ग यांत फार अंतर आहे, कारण निबंधलेखनाच्या वर्गातले विद्यार्थी दर काही आठवड्यांनी निबंध देतात आणि ते सगळे तपासावे लागतात. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील मिचनर सेंटरची ओळखच शिकवण्याची अट न घालणाऱ्या तीन वर्षांच्या फेलोशिपमुळे झाली. बहुतेक ठिकाणी मात्र स्टायपेंड हा शिकवण्याचा मोबदला असतो. जॉन्स हॉपकिन्स, मिशिगन, कॉर्नेल, ब्राउन, सिराक्यूज, आयोवा ही फंडिंगसाठी नावाजलेली विद्यापीठे. याउलट न्यूयॉर्कच्या कोलंबियात फीचा मोठा भाग विद्यार्थ्यावर पडतो. न्यूयॉर्कमध्ये गाडी मुळीच लागत नाही, पण त्यातून वाचणारी रक्कम त्या फीच्या जवळपासही जात नाही. तोल इतका गेलेला असेल तर पायी चालण्याजोगे शहर उपयोगाचे नाही.

स्टायपेंडवर आयकर लागतो. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट (उत्पन्नातली ठरावीक रक्कम करातून वगळणे) घेता येते, ही सवलत इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही. विवरणपत्र भरताना ती विसरू नका.

गाव कसे तपासावे

वॉक स्कोअर नावाची सेवा कोणत्याही पत्त्याला 0 ते 100 गुण देते. 90 च्या वर असेल तर रोजची कामे पायी होतात. 70 ते 89 म्हणजे बहुतेक कामे पायी होतात, 50 च्या खाली गेल्यास गाडीवाचून अडते. हा आकडा पूर्ण शहराचा पाहू नका. विस्तारलेल्या शहराची सरासरी कमी दिसते, पण विद्यापीठालगतची वस्ती उत्तम असू शकते, आणि याच्या उलटही घडते. विभागातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा की ते कोणत्या भागात राहतात, आणि तिथले पत्ते टाकून पाहा.

हे गुण मुख्यत्वे दुकाने, शाळा, बागा किती अंतरावर आहेत यावरून मिळतात. चढ किती, बर्फ किती, रस्त्याला फूटपाथ आहे का, हे त्यात येत नाही. कॉर्नेल ज्या इथाकात आहे तिथले विद्यापीठ टेकडीवर आहे, खालच्या गावातून रोजचा चढ खडा आहे. सिराक्यूजला वर्षाला सरासरी 100 इंचांहून जास्त बर्फ पडतो. वायोमिंग विद्यापीठाचे लॅरमी सुमारे 7,200 फूट उंचीवर आहे आणि तिथला हिवाळी वारा बोचरा असतो. ही ठिकाणे टाळा असे मी म्हणत नाही. तिथे जायचे तर चांगले बूट, जाड कोट आणि विभागापासून जवळचे घर यांचे पैसे हिशेबात धरा.

नकाशावरच्या रस्त्याच्या छायाचित्रांतून घर ते विभाग आणि घर ते किराणा हे दोन्ही रस्ते पूर्ण पाहून घ्या. किराण्याचे मोठे दुकान महामार्गापलीकडे असेल आणि मध्ये ओलांडायला जागा नसेल, तर एक मैलाचे अंतरही पायी जाता येत नाही.

मग बसचे वेळापत्रक. आयोवा सिटीत विद्यापीठाची कॅम्बस ही बससेवा फुकट आहे आणि गावाचा मध्यभाग कॅम्पसला लागूनच आहे. मिशिगनच्या अॅन आर्बरमध्ये विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर शहराची बस वापरता येते, पण तिथली भाडी चढी आहेत. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलची शहरबस सर्वांनाच मोफत आहे. बस मोफत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. शेवटची बस किती वाजता, रविवारी धावते का, आणि सत्र संपल्यावर सुट्टीत किती फेऱ्या उरतात, हे तीन प्रश्न विचारा. लेखन विभागाचे वर्कशॉप आणि वाचनाचे कार्यक्रम संध्याकाळी असतात. परतीची बस नसेल तर तुम्ही हळूहळू त्या कार्यक्रमांना जायचेच सोडता, आणि ज्या सहवासासाठी आपण तिथे गेलो तोच हातून जातो.

आता हिशेब. समजा एका विद्यापीठाचा स्टायपेंड वर्षाला 30,000 डॉलर आहे, पण गाडी लागते. जुनी गाडी घेतली तरी विमा, इंधन, दुरुस्ती, पार्किंग धरून महिन्याला 500 डॉलर धरू, म्हणजे वर्षाला 6,000. उरले 24,000. दुसरीकडे स्टायपेंड 25,000 आहे, घरभाडे महिन्याला 100 डॉलर जास्त आहे, पण गाडी लागत नाही. उरले 23,800. कागदावर 5,000 डॉलरचा फरक होता, प्रत्यक्षात 200 चा राहिला. शिवाय पहिल्या ठिकाणी गाडी विकत घ्यायचे पैसे पहिल्याच महिन्यात लागतात, ते वेगळेच. नवीन गाडीचा तर विचारही नको. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2024 साली नव्या गाडीचा वार्षिक खर्च घसाऱ्यासह 12,000 डॉलरहून अधिक धरला होता.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या हातातल्या पत्रांचे आकडे घालून हाच हिशेब मांडा. रक्कम जवळपास सारखी आली, तर जिथे शिकवण्याचे ओझे कमी आणि चालणे जास्त, ते ठिकाण मी निवडेन.

वेळापत्रक आणि व्हिसा

अर्जाच्या मुदती बहुतांशी डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात. निकाल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कळतात. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावानुसार, त्यावर सही केलेली विद्यापीठे आर्थिक मदतीच्या प्रस्तावाचे उत्तर 15 एप्रिलपूर्वी द्या, अशी सक्ती करू शकत नाहीत. कोणी घाई केली तर या ठरावाचा नम्रपणे उल्लेख करा आणि बाकीची उत्तरे येऊ द्या.

होकार दिल्यावर विद्यापीठ आय-20 हे पत्रक पाठवते. त्यात वर्षाचा अंदाजे खर्च आणि तुमचे फंडिंग दोन्ही लिहिलेले असते. फंडिंग कमी पडत असेल तर फरकाची रक्कम बँकेच्या कागदांनी दाखवावी लागते. त्यानंतर 350 डॉलरचे सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) शुल्क, डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, 185 डॉलरचे व्हिसा शुल्क आणि मुलाखत. 2025 च्या कायद्यात आणखी 250 डॉलरच्या शुल्काची तरतूद झाली आहे, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावरचा ताजा तक्ता पाहा. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या 30 दिवस आधीपासून अमेरिकेत प्रवेश करता येतो.

सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येते. असिस्टंटशिपच 20 तासांची धरलेली असेल तर आणखी काही करायला जागा राहत नाही. सोबत येणाऱ्या एफ-2 व्हिसाच्या जोडीदारालाही नोकरी करता येत नाही. पहिला स्टायपेंड बऱ्याचदा पोहोचल्यावर महिन्याभराने हातात पडतो, आणि घरमालक अनामत मात्र आधीच मागतो. दोन महिन्यांचा खर्च सोबत ठेवूनच निघा.

एका ठिकाणी होकार पक्का झाला की उरलेल्या विद्यापीठांना त्याच दिवशी नकार कळवा. त्या जागेसाठी प्रतीक्षा यादीतला कोणीतरी थांबलेला असतो, आणि तुमच्या ईमेलवर त्याचेही फंडिंग अवलंबून असते.